कमांडो भरतीचा फॉर्म कुठे मिळतो?

चांदणी चौक सोडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे एकामागून एक मागे पडतात आणि पुढे कासार आंबोली लागते. मुळशी तालुक्यातल्या या गावात राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 साली पुण्यात स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाने ती 1997 मध्ये सुरू केली. देशातील मुलींची पहिली सैनिकी शाळा म्हणून ती ओळखली जाते. डोंगरांपलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए. या पट्ट्यात लष्करी गणवेश हे काही दूरचे स्वप्न नाही, आणि तो मनात धरलेल्या मुलामुलींना व्हायचे असते ते हमखास कमांडो.

मग प्रश्न येतो तो फॉर्मचा. त्याचे सरळ उत्तर असे, की सैन्यदलांच्या कमांडो तुकड्यांत शाळा-कॉलेजातून थेट जाता येईल असा अर्जच नाही. आधी सैनिक, नौसैनिक, हवाई योद्धा किंवा अधिकारी व्हावे लागते. तिथे स्वतःहून नाव द्यावे लागते आणि मग जी निवड होते तिच्यात बहुतेक जण गळतात. ‘थेट कमांडो भरती’ असे फलक लावून पालकांकडून पैसे घेणारा कोणी भेटला, तर तिथेच नमस्कार करून बाहेर पडावे.

नेमके काम काय?

सिनेमातला कमांडो दार लाथेने उघडतो आणि गोळ्या झाडतो. प्रत्यक्षातल्या विशेष दलांचा बराचसा वेळ पाहण्यात, ऐकण्यात आणि वाट बघण्यात जातो. शत्रूच्या मागे खोलवर जाऊन टेहळणी करणे, विमाने किंवा तोफांना लक्ष्य दाखवून देणे, पूल किंवा तळ उडवणे, ओलीस सोडवणे, दहशतवाद्यांचा माग काढणे, समुद्रात जहाजावर चढणे अशी ही कामे आहेत. माणसे थोडी, वेळ कमी आणि चूक झाली तर मदत लांब, ही त्यांतली समान बाब.

मराठी माणसाला या दलांचा धागा जवळून दिसतो. 1952 मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीची 2 पॅरा झाली. हीच पलटण 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेशातल्या टांगाइलजवळ पॅराशूटने उतरली आणि तिने पुंगली पूल ताब्यात घेतला. पुढे तीही विशेष दलात गेली. 21 मराठा लाइट इन्फन्ट्रीची 1996 मध्ये 21 पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. ‘वाघनख’ या नावाने ओळखली जाणारी हीच ती पलटण.

साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक याच 21 पॅराचे. साताऱ्याच्या सैनिक शाळेत शिकले, लष्करात अधिकारी झाले आणि मग विशेष दलात. ईशान्य भारतातल्या ऑपरेशन ऱ्हायनोमधील कामगिरीसाठी त्यांना 2003 मध्ये सेना पदक मिळाले. पुढे ते 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर झाले. 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची अट शिथिल करून घेतली, परीक्षा दिली, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या.

बारीक निरीक्षण किती कामाला येते याचा दाखला लेफ्टनंट जनरल राजेंद्र निंभोरकर यांनी 2018 मध्ये पुण्यातल्या एका सत्कार समारंभात दिला होता. सप्टेंबर 2016 च्या सर्जिकल स्ट्राइकच्या वेळी ते 16 कोअरचे प्रमुख होते. नौशेरा भागात आधी काम केल्यामुळे तिथे बिबटे कुत्र्यांवर हल्ला करतात आणि रात्री कुत्री त्यांच्या भीतीने वस्तीजवळ राहतात, हे त्यांना ठाऊक होते. वाटेतल्या गावांतली कुत्री भुंकली तर सगळा बेत उघडा पडणार. म्हणून जवानांनी बिबट्याचे मूत्र आणि विष्ठा सोबत नेली. हल्ल्याचे यश केवळ बंदुकीवर नाही, तर कोणीतरी आधी नीट पाहून ठेवलेल्या गोष्टीवर उभे होते.

तयारी कच्ची राहिली तर शूर माणसांचाही उपयोग होत नाही. ऑक्टोबर 1987 मध्ये श्रीलंकेत जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने भारतीय शांतिसेनेचे जवान उतरवले गेले. शत्रूला आधीच सुगावा लागला होता, पुढची कुमक उतरू शकली नाही आणि 13 शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तिथे अडकलेल्या 30 जणांपैकी 29 जण मारले गेले. अमेरिकेलाही 1980 मध्ये इराणमधले ओलीस सोडवताना असाच फटका बसला. मोहीम अर्ध्यावर गुंडाळावी लागली आणि परतताना वाळवंटातच हेलिकॉप्टर आणि विमानाची टक्कर होऊन आठ जण दगावले. त्या धड्यातून 1987 मध्ये त्यांची एकत्रित विशेष मोहीम कमांड उभी राहिली. भारतानेही तिन्ही दलांच्या विशेष पथकांना एकत्र बांधणारा स्वतंत्र विभाग अलीकडच्या वर्षांत उभा केला आहे.

दारे कोणती?

लष्कराचे पॅरा (स्पेशल फोर्सेस) हे सर्वांत जुने. 1965 च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वयंसेवकांची ‘मेघदूत फोर्स’ उभारली आणि त्यातूनच 1966 मध्ये 9 पॅरा (कमांडो) जन्मली. इथे येणाऱ्याला प्रोबेशन पार करावे लागते. साधारण तीन महिने त्याची झोप, भूक, ताकद आणि डोके एकाच वेळी तपासले जाते. पाठीवर वजन घेऊन 10, 20, 30, 40 किलोमीटरचे स्पीड मार्च होतात आणि दमलेल्या अवस्थेतच नकाशा वाचायला, पाहिलेल्या वस्तू आठवायला, निर्णय घ्यायला लावतात. पॅराशूटचे मूलभूत प्रशिक्षण आग्र्याला होते, त्यात पाच उड्या असतात. जो टिकतो त्याला मरून बेरे आणि ‘बलिदान’ हा बिल्ला मिळतो. जो टिकत नाही तो आपल्या पलटणीत परत जातो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

नौदलाचे मार्कोस 1987 मध्ये उभे राहिले. मुंबईजवळ करंजा इथला ‘आयएनएस अभिमन्यू’ हा त्यांचा तळ. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल (एनएसजी) पोहोचण्याआधी ताज हॉटेलात शिरले ते हेच नौसैनिक. मार्च 2024 मध्ये अरबी समुद्रात सोमाली चाच्यांनी बळकावलेले ‘एमव्ही रुएन’ हे जहाज नौदलाने सुमारे 40 तासांच्या कारवाईत सोडवले. किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर हवाई दलाच्या सी-17 विमानातून मार्कोस समुद्रात उतरवले गेले. 17 खलाशी सुखरूप सुटले, 35 चाचे शरण आले आणि त्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली करण्यात आले.

हवाई दलाचे गरुड 2004 मध्ये सुरू झाले, त्यांचे प्रशिक्षण केंद्र उत्तर प्रदेशात चांदीनगरला आहे. काम मुख्यतः हवाई तळांचे रक्षण, शत्रुप्रदेशात अडकलेल्या वैमानिकांची सुटका आणि लक्ष्यदर्शन. पण गरुडांना काश्मीरमध्येही पाठवले जाते. नंदुरबार जिल्ह्यातले सार्जंट मिलिंद खैरनार 11 ऑक्टोबर 2017 रोजी बांदीपुऱ्यातल्या हाजिन इथे चकमकीत धारातीर्थी पडले ते गरुड म्हणूनच.

राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे एनएसजी, 1984 मध्ये स्थापन झाले. त्यात थेट भरती होत नाही. लष्करातून, केंद्रीय सशस्त्र दलांतून आणि राज्यांच्या पोलिसांतून माणसे प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत जातात. 26/11 नंतर 2009 मध्ये त्यांचे एक केंद्र मुंबईतही सुरू झाले.

पोलिसांचा रस्ता

सैन्यदल जमले नाही म्हणून सगळे संपले असे मानणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. 1990 मध्ये तिथल्या पोलीस दलात पोलीस अधिकारी के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने सी-60 पथक उभे राहिले. सुरुवातीला 60 जवान होते, त्यावरून हे नाव पडले. पथकात जिल्ह्यातलीच मुले घेतली गेली. जंगलातल्या वाटा त्यांच्या पायाखालच्या, गोंडी-माडिया बोली तोंडातल्या. बाहेरून आणलेल्या तुकडीला जे वर्षभरात समजणार नाही ते या जवानांना गावच्या बाजारात फिरताना कळते. नोव्हेंबर 2021 मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलातल्या चकमकीत 26 माओवादी मारले गेले, त्या कारवाईच्या आघाडीवर सी-60 च होते. 1 मे 2019 रोजी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस शहीद झाले, हेही त्याच जिल्ह्याच्या इतिहासात नोंदलेले आहे.

मुंबई हल्ल्यानंतर राज्याने ‘फोर्स वन’ उभारली. तिचे जवान पोलीस दलातूनच निवडले जातात. म्हणजे इथेही पहिली पायरी पोलीस भरतीच.

पहिली पायरी: सोळाशे

बहुतेक ग्रामीण मुलांचा रस्ता अग्निवीर भरतीतून जातो. जून 2022 मध्ये ही योजना आली. सेवा चार वर्षांची, त्यानंतर प्रत्येक तुकडीतले 25 टक्क्यांपर्यंत जवान नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. आता आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, मग ग्राउंड. हा क्रम लक्षात घेऊन अभ्यास मागे ठेवू नये. पहाटे पाचला धावणारी कित्येक मुले लेखीतच अडकतात.

ग्राउंडवर सोळाशे मीटर धावणे आणि बीम (पुल-अप्स) या दोन गोष्टींना गुण असतात. आजवरच्या नियमात सोळाशे मीटर 5 मिनिटे 30 सेकंदांत पूर्ण केले तर पूर्ण 60 गुण आणि 10 पुल-अप्सना 40 गुण मिळत आले आहेत. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स फक्त पार करायचे असतात. हे आकडे आणि वयोमर्यादा दर वर्षीच्या अधिसूचनेत पुन्हा तपासावी. ही अधिसूचना ‘जॉइन इंडियन आर्मी’च्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते.

साडेपाच मिनिटांचा हिशेब सोपा आहे. 400 मीटरची चक्कर 82 सेकंदांत चार वेळा. शाळेचे मैदान 200 मीटरचे असेल तर आठ चकरा, प्रत्येकी 41 सेकंद. बहुतेकांची चूक पहिल्या चकरेत होते. 70 सेकंदांत पहिली चक्कर मारून तिसऱ्या चकरेला पाय जड होतात. म्हणून घड्याळ लावून पहिली चक्कर मुद्दाम 82 च्या आसपास ठेवण्याचा सराव करावा. आठवड्यातून एक दिवस 400 मीटरच्या सहा ते आठ चकरा मध्ये विश्रांती घेऊन, एक दिवस सहा-सात किलोमीटर सावकाश, एक दिवस चढावर. बाकी दिवशी बीम, दंड-बैठका आणि पोटाचे व्यायाम. एक दिवस पूर्ण सुट्टी.

मुळशीतल्या मुलांना चढ शोधायला लांब जावे लागत नाही, पण धावायला मुलांना आवडतो तो पौड रस्त्याचा डांबरी कडेचा पट्टा. तिथे दोन धोके आहेत. पहाटेच्या अंधारात भरधाव वाहने, आणि कडक डांबरावर रोज धावल्याने नडगीत उठणारी कळ. नडगी बोटाने दाबली की एकाच जागी दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. दुर्लक्ष केले तर हाडाला बारीक चीर जाते आणि महिने वाया जातात. मातीचे मैदान किंवा शेतबांधाकडची पायवाट त्यापेक्षा बरी.

पाठीवर वजन घेऊन पळण्याची घाई तर अजिबात करू नये. कमांडो वजन घेऊन पळतात, म्हणून अठराव्या वर्षी दप्तरात विटा भरून डोंगर चढणाऱ्यांचे गुडघे आणि कंबर भरतीआधीच जाते. ते सैन्य शिकवते. आधी बिनवजनाचा वेग आणि दम कमवावा. पोहणे मात्र आत्ताच शिकावे, कारण मार्कोसच काय, पॅरामध्येही पाण्याची भीती चालत नाही. शिकण्याची जागा तलाव, जीवरक्षक असलेला. मुळशी धरणाच्या पाण्यात वरून शांत दिसणाऱ्या जागीही एकदम खोली लागते.

मेडिकलला का परत पाठवतात?

ग्राउंड मारलेली मुले मेडिकलमध्ये ज्या कारणांनी परततात, ती बरीचशी आधी कळू शकतात. सरळ उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागणे, सपाट तळवे, रंग ओळखण्यातला दोष, पायाच्या फुगलेल्या शिरा, किडलेले दात. दातांचे गुण मोजले जातात आणि किमान 14 लागतात. कानातला मळ साफ नसेल तर पडदा तपासता येत नाही. गोंदण हा आणखी एक मुद्दा. हाताच्या आतल्या बाजूचे किंवा पंज्याच्या मागचे छोटे नाव चालते, दंडावरचा किंवा मानेवरचा मोठा टॅटू अडचणीत आणतो. एखाद्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन डोळे, कान, दात आणि पाय तपासून घेतले तर दोन वर्षांची धावपळ वाचते. अपात्र ठरल्यास लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागण्याची सोय असते, तिची मुदत मात्र थोडी असते.

अधिकारी व्हायचे असेल तर

बारावीनंतर एनडीए. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते. गणिताला 300, सामान्य क्षमता चाचणीला 600 आणि पुढे एसएसबीला (सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला) 900 गुण. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. एसएसबी पाच दिवस चालते आणि पाठ केलेली इंग्रजी उत्तरे तिथे लगेच उघडी पडतात. गटात बोलताना दुसऱ्याचे ऐकून पुढचा मुद्दा मांडता येतो का, घरच्या अडचणीत स्वतः काय केले हे सांगता येते का, याकडे परीक्षकांचे लक्ष असते.

तयारीसाठी महागडे क्लासच हवेत असे नाही. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट 1977 पासून राज्य सरकार चालवते, तिथे दहावीनंतर मुलांना दोन वर्षे एनडीएसाठी घडवले जाते. मुलींसाठी तशीच संस्था 2023 पासून नाशिकला आहे. सातारा आणि चंद्रपूरला सैनिक शाळा आहेत. नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी विनामूल्य करून घेतली जाते. कॉलेजात एनसीसी केली आणि ‘सी’ प्रमाणपत्र मिळवले, तर पदवीनंतर एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येते.

कासार आंबोलीच्या शाळेतल्या मुलींना एनडीएचा रस्ता बराच काळ बंद होता. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीए परीक्षेला बसू देण्याचा अंतरिम आदेश दिला. 2022 मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी 17 मुली खडकवासल्यातून बाहेर पडल्या. विशेष दलांचे चित्र मात्र अजून अर्धेच आहे. 2022 अखेरीस नौदलाने निकष पूर्ण करणाऱ्या महिलांना आपल्या विशेष दलाचे दार उघडल्याचे वृत्त आले. लष्करात महिलांना पायदळात नियुक्ती नाही आणि पॅरा (स्पेशल फोर्सेस) हा पायदळाचाच भाग, त्यामुळे तिथला रस्ता अजून बंद आहे. तरीही कमांडो व्हायचेच ठरवलेल्या मुलीने पोहणे, गणित आणि विज्ञान शाखा सोडू नये. नौदलाकडे जाणारी वाट त्यातूनच जाते.

घरच्यांसाठी

विशेष दलातल्या मुलाचा फोन कित्येक दिवस येत नाही आणि आला तरी तो कुठे आहे हे सांगत नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा गणवेशातला फोटो, पलटणीचे नाव, सुट्टीची तारीख टाकण्याची सवय इथे घातक ठरते. लष्कराने जुलै 2020 मध्ये जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 ॲप्स मोबाइलमधून काढून टाकायला सांगितले, त्यामागे हेच कारण होते. भरतीची तयारी करतानाच समाजमाध्यमांवरची खाती आवरती घेतलेली बरी.

आणि कागदपत्रे. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव, आधारवरचे नाव आणि जन्मतारीख यांत एका अक्षराचाही फरक नको. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने असेल तर ते आत्ताच दुरुस्त करावे. अधिवासाचा दाखला मुळशीकरांना पौडच्या तहसील कार्यालयातून मिळतो, जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. दोन्हींना लागणारे दिवस, शाळा सोडल्याच्या दाखल्यातली दुरुस्ती आणि पोलीस पाटलाच्या सहीसाठीच्या फेऱ्या धरून दोन महिने हाताशी ठेवावेत. भरतीची जाहिरात आल्यावर सेतू केंद्रासमोर लागणाऱ्या रांगेत उभे राहण्यापेक्षा दहावीचा निकाल लागला की त्याच उन्हाळ्यात हे काम उरकून टाकावे.